अक्षरांची संगत

आर, टी आणि एन ही तीन अक्षरं याच क्रमानं ज्यात येतात असा एक इंग्रजी शब्द सांगा. मधे दुसरी कितीही अक्षरं आली तरी चालतील, क्रम तेवढा मोडायचा नाही.

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी शाळेत मी इंग्रजी शिकवते. आठवीच्या वर्गात हा प्रश्न पहिल्यांदा टाकला की उत्तर ठरलेलं असतं. "रतन!" ते माणसाचं नाव झालं, नावं चालणार नाहीत, असं सांगितलं की थोडा वेळ सगळे गप्प. मग कुणीतरी दबकत "रिटर्न" म्हणतं. तो शब्द फळ्यावर लिहून आर, टी आणि एनखाली रेघ मारली की एकामागून एक हात वर यायला लागतात. रुटीन, रोटेशन, कार्टन, कर्टन, सर्टन, फॉर्च्यून. 'एंटरटेन'वर दर वर्षी वाद होतो, कारण त्यात एन सुरुवातीलाच येऊन गेलेला असतो. "पण टीच्या मागनं परत आलाय की टीचर," असं कुणीतरी म्हणतं, आणि ते बरोबरच असतं.

पहिलं उत्तर 'रतन' का येतं, हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. आमच्याच आवारात कन्नड शाळाही भरते. तिथल्या मुलांना मी हाच प्रश्न घातला तेव्हा त्यांच्याकडून 'रत्न' आलं. आम्ही जिला बाराखडी म्हणतो तिला ते कागुणित म्हणतात. लिपी वेगळी, घडण तीच. दोन्हींत स्वर व्यंजनाला चिकटून येतो. र म्हटलं की त्यात अ आलाच. वेगळा स्वर हवा असेल तर काना, मात्रा, वेलांटी लावायची, म्हणजे तोही त्या र च्याच अंगावर. स्वराला स्वतःची वेगळी जागा मिळते ती बहुतेक शब्दाच्या सुरुवातीला. पहिलीपासून अशा लिपीत वाढलेल्या मुलाला आर, टी, एन दिसले की तो त्यांच्यात गुपचूप अ भरतो आणि मोकळा होतो. ए, ई, आय, ओ, यू ही रांगेत इतरांच्या बरोबरीनं उभी राहणारी, आपापली जागा अडवणारी अक्षरं आहेत, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

श्रुतलेखनाच्या वह्या तपासताना हे स्वच्छ दिसतं. व्यंजनं बहुतेक वेळा जागेवर असतात. गळतात ते स्वर. 'फ्रेंड'मधला आय गळतो, 'ब्रेड'मधला ए गळतो, 'बिल्डिंग'मधला यू तर हटकून गळतो. कानाला ते ऐकूच येत नाहीत, मग लिहिणार कुठून? आणि आपल्याकडे स्पेलिंग शिकवायची रीत कुठली, तर बी-ई-ए-यू-टी-आय-एफ-यू-एल ब्युटिफुल, ब्युटिफुल म्हणजे सुंदर, असं पन्नास पोरांनी एका सुरात घोकायचं. चाल पाठ होते, शब्द पाठ होतो, आणि 'ब्युटी' लिहायला सांगितलं की पुन्हा पहिल्यापासून सगळं. माझं ठाम मत आहे की इंग्रजी स्पेलिंग घोकून येत नाही. कुठलं अक्षर कुणाच्या संगतीत राहतं, कुणाच्या शेजारी कधीच बसत नाही, शेवटी यायला कोण तयार नसतं, हे ओळखीचं झालं की ते येतं. आणि ही ओळख करून घ्यायला अक्षरं देऊन शब्द शोधायला लावण्याइतका चांगला मार्ग मला तरी सापडलेला नाही.

खेळाला लागणारं सामान रस्ताच पुरवतो. आमची शाळा बेळगाव-गोवा रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर आहे. शाळा सुटल्यावर बसची वाट बघत पोरं थांब्यावर उभी असतात आणि समोरून नंबरप्लेटा जात असतात. केए 22 म्हणजे बेळगाव, 23 चिक्कोडी, 24 बैलहोंगल, 49 गोकाक. एमएच 09 कोल्हापूर, 07 सिंधुदुर्ग. मधूनच जीए, म्हणजे गोव्याची गाडी. सरकारी बस असेल तर केए 22 च्या पुढं एफ. दुकानांच्या पाट्यांवर कुठली लिपी वर, कुठली किती मोठी, यावरून आमच्या सीमाभागात मराठी-कन्नड असे काय काय वाद झाले आहेत ते इथल्या वाचकाला सांगायला नको. नंबरप्लेटवर मात्र नियमानं इंग्रजीच अक्षरं लागतात, गाडी कुठल्याही राज्याची असो. त्यामुळं थांब्यावर मराठी शाळेची आणि कन्नड शाळेची पोरं एकाच प्लेटीवर तुटून पडतात, आणि तिथं कुणीच कुणाच्या पुढं नसतं.

नियम साधा आहे. प्लेटीवरची अक्षरं ज्या क्रमानं आहेत त्याच क्रमानं शब्दात आली पाहिजेत. आकड्यांच्या मागं जी मालिकेची अक्षरं असतात त्यांत आय आणि ओ सहसा नसतात, कारण ते एक आणि शून्यासारखे दिसतात. म्हणजे शब्द जुळवायला जी मदत लागते ती प्लेट देत नाही. ते दोन स्वर आपल्यालाच शोधून आणायला लागतात. मला हे फार आवडतं. स्वराची जागा मुलाला स्वतः ठरवावी लागते, आणि नेमकं तेच तर त्याला शिकायचं असतं.

एकदा थांब्यावर सरकारी बसच्या मागं कोल्हापूरची एक गाडी अडकून उभी होती. सातवीतला एक मुलगा म्हणाला, "टीचर, दोन्ही एकाच शब्दात बसतील काय?" केच्या मागून ए आला पाहिजे आणि एमच्या मागून एच. मीही विचार करायला लागले. 'मेकशिफ्ट' मला सुचला, पण त्यात ए केच्या आधी येतो, तो बाद. तेवढ्यात कन्नड शाळेतल्या एका पोरानं बोटं मोजत "मिल्कशेक" म्हटलं. एम, मग आय-एल, मग के, मग एस, मग एच, मग ए. बसतंय! सगळ्यांनी एकदम ओरडून थांबा डोक्यावर घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठवीतली एक मुलगी वर्ग भरायच्या आधीच फळ्यापाशी उभी होती. घरात फार न बोलणारी, वर्गातही न बोलणारी. ती रात्रभर त्याच विचारात असावी. तिनं खडूनं एकेक अक्षर सुटं सुटं लिहिलं. जी, वाय, एम, के, एच, ए, एन, ए. जिमखाना. बेळगावात कॅम्प भागात युनियन जिमखान्याची पाटी तिनं मामाकडं जाताना पाहिलेली. मग तिनं एम, के, एच, ए या चार अक्षरांभोवती एकच गोल काढला. ती चारही अक्षरं लागून होती, मधे परकं एकही अक्षर नाही. मिल्कशेकपेक्षा हे सरस आहे हे कुणालाच सांगावं लागलं नाही. मीही तो शब्द आयुष्यभर वाचत आले होते आणि त्याच्यात काय आहे ते तिनं दाखवीपर्यंत मला दिसलं नव्हतं.

अक्षरांकडं असं बघणं माझ्याकडं घरातून आलं. आमचे बाबा बेळगावात एका छापखान्यात कंपोझिटर होते. खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, जुळवायचं काम. डाव्या हातात स्टिक धरायची आणि उजव्या हातानं खणांतून एकेक खिळा उचलून ओळ भरायची, तीही उलटी वाचत. लग्नपत्रिका मराठी, व्हिजिटिंग कार्डं इंग्रजी, कचेरीची बिलबुकं कन्नड. तिन्ही लिप्यांच्या केसा, म्हणजे खिळे ठेवायच्या खणांच्या पेट्या, छापखान्यात होत्या. देवनागरीच्या केसेत जोडाक्षरं, अर्धी अक्षरं, वेलांट्या-मात्रा यांचे शेकडो खण. कन्नडचंही तेच, खालच्या ओळीत लटकणारी ओत्तक्षरं, म्हणजे तिथली जोडाक्षरांची चिन्हं, वेगळीच. इंग्रजीच्या मात्र दोनच केसा. वर मोठी अक्षरं, खाली लहान. त्यावरूनच इंग्रजीत त्यांना अपर केस आणि लोअर केस म्हणतात.

सुट्टीत डबा द्यायला गेले की मी त्या खालच्या केसेकडं बघत बसायची. सगळे खण एकसारखे नव्हते. हाताशी, मध्यावर, सगळ्यांत मोठा खण ईचा. त्याच्या आसपास ए, ओ, एन, टी, आय, एस यांचे ऐसपैस खण. कडेला कोपऱ्यात चिमुकल्या खणांत झेड, एक्स, क्यू, जे. इंग्रजी मजकूर मोठा आला की ई आधी संपायची. मग बाबा त्या जागी दुसरा कुठलातरी खिळा उलटा घालून ओळ पुरी करायचे आणि आधीचा फॉर्म, म्हणजे छपाईसाठी बांधलेला मजकूर, छापून सुटला, ई मोकळी झाली, की बदलायचे. "पोरी, इंग्रजीत ईशिवाय पान हलत नाही," असं ते म्हणायचे. त्यांचं इंग्रजी चौथीपर्यंतचं. पण कुठलं अक्षर किती लागतं हे त्यांच्या हाताला बरोबर ठाऊक होतं.

ही समज जगात फार जुनी आहे, हे मला पुढं कळलं. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीनं लिहून ठेवलं की गुप्त लिपीतला मजकूर फोडायचा तर त्यातलं कुठलं चिन्ह किती वेळा येतं ते मोजा. भाषेत जे अक्षर सर्वांत जास्त येतं त्याच्याशी ते ताडून पाहा. मोर्सच्या तारायंत्रात ईला एकच टिंब आणि टीला एकच रेघ मिळाली ती याच हिशेबानं, जे जास्त लागतं ते लवकर धाडता यावं म्हणून. लायनोटाइप या खिळ्यांच्या ओळी ओतणाऱ्या यंत्राच्या कळफलकावर पहिल्या दोन उभ्या ओळी ई-टी-ए-ओ-आय-एन आणि एस-एच-आर-डी-एल-यू अशा होत्या. साध्या इंग्रजी मजकुरात शंभर अक्षरांमागं ई साधारण बारा वेळा येते.

हा बाराचा आकडा मला पुन्हा भेटला तो स्क्रॅबलमध्ये. अमेरिकेत 1930 नंतरच्या मंदीत आल्फ्रेड मोशर बट्स नावाच्या वास्तुविशारदाचं काम गेलं, तेव्हा त्यानं हा खेळ रचायला घेतला. कुठल्या अक्षराच्या किती सोंगट्या ठेवायच्या हे ठरवायला तो वर्तमानपत्राची पानं घेऊन अक्षरं मोजत बसला. 1948 मध्ये जेम्स ब्रुनो यानं त्याला स्क्रॅबल हे नाव देऊन बाजारात आणला. शंभर सोंगट्यांत ई बारा, ए आणि आय नऊ-नऊ, ओ आठ. क्यू, झेड, जे, एक्स, के एकेकच. क्यू आणि झेडला दहा-दहा गुण, ईला एक. एस मात्र त्यानं मुद्दाम चारच ठेवले, नाहीतर जो तो शब्दाला एस लावून अनेकवचनं करत सुटला असता. छापखान्यातल्या खणांचे आकार आणि या सोंगट्यांची संख्या शेजारी शेजारी ठेवली तर दोन्ही एकच गोष्ट सांगतात. बाबांना मी हे दाखवलं तेव्हा त्यांनी सोंगट्यांची पिशवी हातात घेऊन चाचपली आणि एवढंच म्हणाले, "ह्यानं बरोबर मोजलंय."

आता शोधायचं कसं, ते सांगते. मुलांची पहिली सवय पहिल्या अक्षरापासून शब्द आठवायची असते, कारण डिक्शनरी तशी लावलेली असते आणि अंताक्षरीही तशीच चालते. ती सवय मोडायची. शेवटाकडून यायचं. टी, आय, ओ, एन यांतली दोन अक्षरं दिसली की 'शन'नं संपणारे शब्द बघायचे. एन आणि जी असतील तर 'इंग'. एम, एन, टी क्रमानं असतील तर 'मेंट'. इंग्रजीतही हे कुणाला तरी फार पूर्वी सुचलं होतं. जॉन वॉकर यानं 1775 मध्ये शब्दांच्या शेवटावरून लावलेला कोश काढला, यमकं शोधणाऱ्या कवींसाठी. आम्हाला तो इतक्या वर्षांनी स्पेलिंगसाठी उपयोगी पडतो.

मग अक्षरांचे स्वभाव. व्ही शब्दाच्या शेवटी सहसा उभा राहत नाही, मागं ई घेतो. हॅव, गिव्ह, लव्ह, फाइव्ह, सगळ्यांत तेच. सी-के ही जोडी शेवटी येते, मधे येते, सुरुवातीला कधीच नाही. एच, क्यू, एक्स सहसा जोडीनं येत नाहीत. ओ, ई, एल, एस येतात, आणि 'बुककीपर'मध्ये तर तीन जोड्या एकापाठोपाठ एक, ओ-ओ, के-के, ई-ई. जे शब्दाच्या शेवटी येत नाही हा नियम मी सांगितला तेव्हा एका मुलीनं डिक्शनरी घेतली आणि तासाभरात राज, ताज, हज असे शब्द काढून दाखवले. सगळे आपल्या बाजूचे! नियम मोडणारे बहुतेक शब्द बाहेरून आलेले निघाले, हे त्या दिवशी वर्गाला आपोआप कळलं. क्यूचंही तसंच. "टीचर, क्यूच्या मागं यू नसला तर चालतंय काय?" चालतंय. पण मग शब्द फकीर असतो, बुरखा असतो, निकाब असतो. मुलांना हे शब्द घरचे, गल्लीतले. इंग्रजी डिक्शनरीत ते बघून त्यांच्या चेहऱ्यावर जे येतं ते बघायला मी दर वर्षी तोच प्रश्न पुन्हा काढते.

पाचही स्वर ज्यात आहेत असा शब्द शोधा म्हटलं की पहिला 'एज्युकेशन' मिळतो. गणिताच्या तासातून 'इक्वेशन' येतो, तो आठच अक्षरांचा. सात अक्षरांत पाचही स्वर असणारा 'सिक्वोया' हे झाडाचं नाव, पण ते इथं कुणी बघितलेलं नाही म्हणून मी आग्रह धरत नाही. आमच्या वर्गातला सगळ्यांत लाडका शब्द 'कॉलिफ्लॉवर'. तो आणणाऱ्या मुलाच्या घरी कोबी-फ्लॉवरचं शेत आहे, माल गोव्याला जातो, आणि पावतीवर तो शब्द रोज छापलेला असतो. पावती घेऊनच आला होता. स्वर क्रमानं हवेत म्हटलं तर 'फसिशस' आणि 'ॲबस्टीमियस' हे दोन अवघड शब्द आहेत. ते मी फळ्यावर लिहून दाखवते, पाठ करायला सांगत नाही. उलट टोकाला 'स्ट्रेंग्थ्स', नऊ अक्षरं आणि स्वर एकच. आणि 'ऱ्हिदम', त्यात पाचांतला एकही नाही, सगळा भार वायवर.

या 'ऱ्हिदम'मधून एक धागा निघाला आणि तो मुलांना खरोखर कामाला आला, म्हणून त्यावर जरा थांबते. आर आणि एच लागून येणारे शब्द शोधायला मी दहावीला सांगितलं. भूमितीतून 'रॉम्बस' आला, म्हणजे समभुज चौकोन. प्रयोगशाळेतल्या कपाटावरच्या चिठ्ठीवरून 'रिओस्टॅट' आला. जीवशास्त्रातून 'रायझोम', म्हणजे आलं-हळदीचा जमिनीतला कंद. चित्रातून गेंडा, ऱ्हायनोसेरॉस. शब्द बाजूला ठेवून मुलांनी विचारलं, हा एच तिथं करतोय काय? बोलताना तर ऐकू येत नाही. मग ग्रीक भाषेची गोष्ट निघाली. ग्रीकातून आलेल्या शब्दांत हा एच आरला धरून बसतो, पी-एच म्हणजे फ तसाच, सी-एचचा क तसाच. शब्दाच्या मधे हा आर पुष्कळदा डबल होतो आणि मग एच येतो.

त्या वर्गातली एक मुलगी आता बेळगावात नर्सिंग शिकते आहे. मध्यंतरी तिचा फोन आला. म्हणाली, "टीचर, डायरिया आणि हेमरेज, दोन्हीत दोन आर आणि मग एच हाय बघा. अख्ख्या वर्गात मला एकटीलाच न बघता येतंय." मराठी माध्यमातून दहावी करून पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, गेलेल्या मुलांचं पहिलं वर्ष कसं जातं हे मी बघितलेलं आहे. काल जो शब्द प्रकाशसंश्लेषण होता तो आज अचानक चौदा अक्षरी फोटोसिंथेसिस होतो, विज्ञान तेच असतं आणि मूल मात्र मागच्या बाकावर सरकतं. हुशार मुलं अशी गळताना बघणं हा माझ्या नोकरीतला सगळ्यांत जड भाग आहे. त्यामुळं त्या दोन आर आणि एचचा मला जेवढा आनंद झाला तेवढा कुणाच्या पैकीच्या पैकी मार्कांचा झाला नाही.

शाळेत आलेल्या एका पाहुण्या अधिकाऱ्यांनी विचारलं होतं, हे पेपरात कुठं येतं? येत नाही. पेपरात दहा शब्द देतात आणि गाळलेली अक्षरं भरायला सांगतात. पण गाळलेल्या जागी कोण येऊ शकतं आणि कोण येऊच शकत नाही हे ज्याला कळतं, त्याला ते दहा शब्द आधी बघितलेले असावे लागत नाहीत. मी त्यांना वर्गात बसून बघायची विनंती केली. ते घाईत होते.

आता हे सगळं फोनवर क्षणात मिळतं, मग शोधायचं कशाला, असं पालक विचारतात. माझा एक जुना विद्यार्थी बेळगावात इंजिनियरिंग करतो. यंत्र हे करतं कसं ते त्यानं मला समजावलं, आणि मला ते इतकं आवडलं की मी ते नववीला शिकवते. इंग्रजीची अक्षरं सव्वीस. प्रत्येक शब्दासाठी सव्वीस बटणांची एक पट्टी कल्पायची. शब्दात जे अक्षर आहे त्याचं बटण चालू, बाकीची बंद. आपण दिलेल्या अक्षरांचीही तशीच पट्टी करायची. आपल्या पट्टीवरचं प्रत्येक चालू बटण शब्दाच्या पट्टीवरही चालू असेल तर तो शब्द पास. लाखो शब्द असले तरी यंत्राला एका शब्दासाठी एकच तुलना करायची असते. क्रम हवा असेल तर मग डावीकडून एकेक अक्षर बघत जायचं, आर सापडला की टी शोधायचा, टी सापडला की एन. आणि तीच अक्षरं फिरवून होणारे शब्द हवे असतील तर युक्ती याहून सुंदर आहे. प्रत्येक शब्दाची अक्षरं वर्णानुक्रमानं लावून टाकायची. 'लिसन'चं ई-आय-एल-एन-एस-टी होतं. 'सायलेंट'चंही तेच होतं. 'एनलिस्ट', 'टिन्सेल' आणि 'इनलेट्स'चंही तेच. ज्यांची रांग सारखी ते सगळे एका कुटुंबातले.

ही युक्ती मुलांनी कागदाच्या चिठ्ठ्यांवर करून बघितली आणि दुपारभर वर्ग हलला नाही. म्हणून मी यंत्राला नावं ठेवत नाही. माझी स्वतःची तयारी त्याच्याच याद्यांवर होते. पण आर, टी, एन दिल्यावर ते हजारो शब्द समोर टाकतं, आणि त्यातला एकही मुलाच्या डोक्यात राहत नाही. स्वतः शोधताना मूल 'कर्टन' आणि 'सर्टन' शेजारी ठेवतं, दोन्हींच्या शेवटी ए-आय-एन बघतं, 'माउंटन' आणि 'कॅप्टन' त्यांच्या मागं उभे करतं, आणि कान 'टन' ऐकत असला तरी हात ए-आय लिहायला शिकतो. हवा होता तो शब्द न सापडताही दुसरे चार हाती लागतात. ते चार कुणीही काढून घेऊ शकत नाही.

घरी मुलं असतील त्यांना माझं एवढंच सांगणं. दोन अक्षरांपासून सुरुवात करा, तीन लगेच देऊ नका. लागून हवीत की सुटी चालतील ते आधी ठरवा. डी-व्ही लागून द्या, ॲडव्हाइस, ॲडव्हान्स, ॲडव्हेंचर मिळतील आणि प्रत्येकाच्या सुरुवातीला ए-डी दिसेल. एक्स-वाय द्या, ऑक्सिजन आणि गॅलक्सी येतील. डब्ल्यू-के-डब्ल्यू लागून द्या, 'ऑकवर्ड' सापडेल, आणि तो एकदा स्वतः शोधला की त्याचं स्पेलिंग जन्मात चुकत नाही. उत्तर सांगायची घाई मात्र करू नका. मुलाचे ओठ हलत असतात तोवर काम चालू असतं.

आमच्या वर्गात सध्या सी-क्यू चालू आहे, लागून. ॲक्वायर, ॲक्विट, ॲक्वेंटन्स आले. लॅकर आला, टेनिसचं रॅकेट आलं, तेही क्यूच्या स्पेलिंगचं. पोरांनी दोन नियम काढून फळ्याच्या कोपऱ्यात लिहिले. सी-क्यूच्या नंतर यू, आणि सी-क्यूच्या आधी ए. दुसरा नियम मी त्यांना सांगितला नव्हता, त्यांचा त्यांनीच काढला. मग काल एकीनं पीयूसीत शिकणाऱ्या थोरल्या बहिणीचं फिजिक्सचं पुस्तक आणलं आणि किरणोत्सर्ग मोजायच्या एककावर बोट ठेवलं. बेक्वेरेल. सी-क्यूच्या आधी ई. निम्मा वर्ग म्हणतो ते शास्त्रज्ञाचं आडनाव, नावं चालत नाहीत, नियम तसाच ठेवा. उरलेला वर्ग म्हणतो एकक झालं म्हणजे नाव उरलं नाही, तो आता शब्दच, नियम पुसा. दोन्ही बाजूंनी डिक्शनऱ्या उघडलेल्या आहेत, आणि शनिवारच्या तासाला हा निकाल लावायचा आहे.